वीस मिन्टांची मावशी

आमच्या मावशीच्या बोटांवर रेघाच नव्हत्या. खोटं न्हाई सांगत. आपल्या अंगठ्यावर कशा बारीक बारीक रेघा आसत्यात, गोल गोल, तशी तिच्या एक बी न्हाई, सगळी बोटं नुसती गुळगुळीत, धुतलेल्या भांड्यावानी. रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा ठिवायची आन मशीन काय घ्यायची न्हाई. उजवा ठिव, डावा ठिव, पदराला पूस, परत ठिव, मागं सगळी रांग खोळंबलेली. दुकानदार म्हनायचा, "मावशी, तू हाइस का न्हाइस?" ती म्हनायची, "मशीन म्हनती न्हाई, तर नसंल बाबा. मेलेल्या मानसाचं धान्य दे, चालंल मला." सगळी हसायची. मी बी हसायची, पन मला ठाव हुतं त्या रेघा कुठं गेल्या. लोकांच्या बाथरूमात गेल्या, ॲसिडाच्या पान्यासंगं, एक एक करून.

ती भिंगारला आमच्याच चाळीत राहायची, तीन खोल्या सोडून. खरं नाव काय हुतं ते कुनी घेतच नव्हतं, सगळी वीस मिन्टांची मावशी म्हनायची. कुनाचं बी बाथरूम आसू द्या, कितीबी पिवळं पडलेलं, बोरच्या पान्याचा पांढरा थर बसलेला, कोपऱ्यात साबनाचं लोनी साचलेलं, ती दारातून एकदा बघायची आन म्हनायची, "वीस मिन्टं." आन वीस मिन्टांत द्यायची. तुमच्याकडं बी आशी एखादी येत आसंल. साडी, साडीवर मेलेल्या नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट, पायात पावसाळी बूट, हातात बादली आन बादलीत ॲसिडाच्या बाटल्या. ती गल्लीतून निघाली की बाया आपापली पोरं आत घ्यायच्या. मी बी घ्यायची. आन मंग एक दिवस मीच तिच्या मागं जाया लागले, पोरगी काखंत घिऊन.

ते कसं झालं सांगते. मी नववीतून शाळा सोडलेली, लगीन झालं, आमचे हे सुप्याला कंपनीत, सकाळी उजडायच्या आत बस यायची आन अंधार पडल्यावर घरी. सासू गावाकडं म्हशींत गुतलेली. मी आन आमची स्वरा, तवा दीड वर्साची, दिवसभर त्या एका खोलीत. एकदा नळावर उभी हुते, स्वराच्या दुधाची बाटली उघडली, नाकाला लावली आन वतून दिली. मावशी मागंच हुती.

"का गं वतलं?"

"नासलंय."

"फाटलं तर न्हाई. तुला काय ठाव?"

"वास आला की."

तिनं माझ्याकडं आसं बघितलं जसं बाजारात बैलाकडं बघत्यात, पुढून, बाजूनं. म्हनली, "उद्यापासनं माझ्यासंगं यायचं. पोरीला बी आन. पोरीला कुनी काय म्हनलं तर मी बघते." मला वाटलं, बया, केवढी दयाळू बाई, लेकरासकट काम देती. घरी येऊन यांना सांगितलं तर हे म्हनले, "ॲसिडाचं काम हाय ते, पोरीला घिऊन जानार?" मी म्हनलं, मावशी हाय की. तवा मला कळलं नव्हतं, मावशीला मी नको हुते. तिला माझं नाक पायजे हुतं.

कारन मावशीला वासच यायचा न्हाई. कशाचाच न्हाई. ती म्हनायची करोनात गेला. पन शेजारची शकीलाआपा म्हनायची, "कायचा करोना, त्याच्या आधी दोन वरसं हिच्या स्टोवर डाळ जळून कोळसा झाली, धूर आमच्या घरात आला, मी पळत गेले तर ही बाई शेजारी बसून तांदूळ निवडतीया!" मावशी म्हनायची, "मंग काय झालं, जळकी डाळ खाल्ली मी. गोड लागली." वास न्हाई तर चव बी न्हाई. तिला काय बी वाढा, "गोड लागलं" म्हनायची. ते ऐकून मला लई वाईट वाटायचं, आन भ्या बी वाटायचं, कारन ती आसं हसून म्हनायची जसं काय कुनी तिची नुसती चप्पल नेली आसंल.

तिची रीत सांगते. बाकीच्या बाया आल्या आल्या पानी मारत्यात. मावशी न्हाई. बादलीत आधी पानी, मंग त्या पान्यात ॲसिड, हळूहळू, उलटं केलं की तोंडावर उडतं. मंग खालच्या टाईलपासून सुरू करून वर जायचं. वरून खाली आलं की वघळ उतरत्यात आन त्या जन्मात निघत न्हाईत. काथ्याच्या बोळ्यानं नुसतं फासायचं. फेस यायचा, चर्र वाजायचं, जसं काय कुनी भितच तळतंय. तेवढ्यात मावशी दाराबाहेर बसून मिश्री लावायची. मिश्री लावून झाली, चूळ भरली, की आत जाऊन पाच-सहा बादल्या पानी, मंग वायपर, आन फरशी आशी निघायची की बाईला आपलं तोंड दिसावं. "घासून काय व्हतंय," ती म्हनायची, "फरशीला भ्या दाखवावं लागतं. मळ आपोआप पळतो."

आन एक नेम हुता तिचा, तो कधी मोडायची न्हाई. ॲसिड आन ब्लिचिंग पावडर एका बाथरूमात न्हाई. "त्या दोघी सवती," ती म्हनायची. "एकल्या एकल्या नांदत्यात. एका मोरीत आल्या की घरातल्या मानसाचा जीव घेत्यात." हे तिला कुनी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. तरुनपनी तिच्यासंगं काम करनारी एक बाई अशीच आत पडली, दार लावून काम करत हुती, ते तिनं डोळ्यानं बघितलेलं. एवढंच सांगायची, पुढचं न्हाई. पुढचं विचारलं की म्हनायची, "काम कर."

म्हनून माझं नाक. दारात आली की बादली खाली ठिवायची आन वरडायची, "नाक!" मी पुढं व्हायची. आत मान घालून वास घ्यायची आन सांगायची. फिनेल. नुसता साबन. डांबरगोळी. उंदीर मेलाय कुठंतरी. आन ब्लिचिंगचा वास आला की मावशी मला मागं वढायची, स्वतः जाऊन पानी सोडून द्यायची, अर्धा अर्धा तास, खिडक्या उघड्या, आन बाईला म्हनायची, "आज न्हाई. उद्या." बाया चिडायच्या. "मावशी, ब्लिचिंगनंच तर साफ होतं की!" मावशी म्हनायची, "मंग तूच कर की, मला कशाला बोलवली?" एक बाई म्हनली, ही पोरगी कशाला आनती वास घ्यायला, पोलिसाचं कुत्रं हाय का? मला रडू आलं. मावशी तिला म्हनली, "कुत्रं न्हाई बाई, मपलं नाक हाय ते. तुपलं तुझ्याजवळ हाय म्हनून तुला किंमत न्हाई."

कुनाच्या घरी तान्हं लेकरू आसलं, न्हाईतर दम्याचं म्हातारं, तर तितं ती ॲसिड काढायचीच न्हाई. खायचा सोडा, लिंबू, कढत पानी, दातांचा जुना ब्रश. सोड्याची चटनीवानी पेस्ट करून टाईलच्या फटीत भरायची, तासभर ठिवायची, मंग ब्रशनं एक एक फट. क्षार आसला तर लिंबाची फोड घासायची, त्याच्यावर वला फडका चिकटवून ठिवायचा. अर्धा दिवस जायचा. मला ते काम लई आवडायचं, स्वरा बी जवळ बसायची लिंबाची साल घिऊन. मी म्हनलं, मावशी, सगळीकडं हेच करू की. ती म्हनली, "सावकाश कामाला कोन बोलवतं गं? लोकांना पावनं यायच्या आत पायजे."

स्वराला तिनं एकदा बी हात लावला न्हाई. बाकीच्या म्हाताऱ्या कशा गाल वढत्यात, मुका घेत्यात, ही न्हाई. जवळ आली तर कोपरानं बाजूला करायची, हात वर धरून, आपरेशनच्या डाक्तरावानी. स्वराला तो खेळ वाटायचा, ती मुद्दाम अंगावर जायची, आन मावशी हात वर करून मागं मागं सरायची, "आगं ये भवाने, लांब हो, मी शिवाशीव पाळती." आन हसायची, मंग खोकायची. हसलं की खोकला यायचाच तिला. लांब, कोरडा, वाकून वाकून. डाक्तरनं सांगितलेलं काम सोड. "पदर वला करून तोंडाला बांधला की झालं," ती म्हनायची. पन बांधलेला पदर बोलायला खाली घ्यायची, आन ती लई बोलायची.

ॲसिड कोल्ड्रिंकच्या बाटल्यात मिळतं, तुमाला ठाव आसंल. मावशी प्रत्येक बाटलीच्या गळ्याला लाल चिंधी बांधायची, तीन गाठी. पहिल्याच दिवशी स्वराला समोर उभी करून चिंधी दाखवली आन आसं काय तोंड केलं, डोळे मोठे, जीभ बाहेर, की पोरगी किंचाळली. मला राग आला. मावशी म्हनली, "रडू दे. रडनारं लेकरू जितं आसतं." त्या दिवसापासनं काम चालू आसलं की स्वराला बाहेरच्या खोलीत खिडकीच्या गजाला माझ्या वढनीनं कमरेला बांधायची, सैल, बसता-उठता येईल आशी. लोक बघायचे, मला लाज वाटायची. पन गाठ मावशी स्वतः वढून बघायची. "बाथरूमचा उंबरा हिनं वलांडला, त्या दिशी मपलं काम बंद," म्हनायची.

आता ते सांगते. मला सांगायचं हुतं ते हेच हाय, बाकीचं मी नुसतं लांबवत बसले.

भिंगारला लष्करातल्या लोकांची बदली झाली की क्वार्टर रिकामं करून द्यावं लागतं. बघायला साहेब येतो. नळ गळतो का, काच फुटलीय का, आन बाथरूमची फरशी. डाग दिसला तर लिहून घेतो, मंग त्या बायांना सामान गाडीत भरलेलं आसतानी परत खाली बसून घासावं लागतं. म्हनून त्या बदलीच्या दिवसांत मावशीला लई बोलावनी. त्या आठवड्यात आमची तीन क्वार्टरं ठरलेली. आन मला सर्दी झाली.

साधी न्हाई, डोकं जड, नाक दगडावानी बंद. सकाळी चहा पिले तर नुसतं गरम पानी. मला कळलं, आज माझं नाक मेलंय. सांगायला पायजे हुतं. पन मागं एकदा मला ताप आला तवा मावशीनं दुसरी एक पोरगी नेली हुती, आन ती पोरगी येता-जाता विचारायची, "कायम लावता का मला?" आन हे रोज म्हनत हुते, सोड ते काम, घरी बस. घरी बसायचं म्हनजे परत ती खोली, परत तो दिवस, भितंकडं बघत. मला मावशीसंगं जायचं हुतं. मी नाकाला बाम चोळला, आत बोट घालून चोळला, म्हनलं मोकळं हुईल. मोकळं कसलं, सगळं जग बामाचं झालं.

क्वार्टरमधी गेलो तर दारात ट्रक उभा, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, सामानाची खोकी व्हरांड्यात. बाई परमुलखातली, चांगली हुती, घामाघूम झालेली. "मावशी, जल्दी हां, साब बारह बजे आएंगे." स्वराला तिनं एक रिकामं खोकं दिलं आन पोरगी त्यात जाऊन बसली, खूश. मी खिडकीला बांधाया गेले, तर पडदे-दांडी काढताना खिडकीपुढं कपाट सरकवलेलं, गज घावंना. मी म्हनलं, बसलीया खोक्यात, बसू दे.

"नाक!" मावशी वरडली.

मी गेले. दारात मान घातली. फरशी वली हुती. ते बघून तरी मला कळायला पायजे हुतं, कुनीतरी आधी काहीतरी मारलंय. मी वास घितला. बाम. परत घितला. बाम.

"काय हाय?"

मी म्हनले, "फिनेल."

नुसतं 'काय न्हाई' म्हनले आसते तर तिनं परत विचारलं आसतं. म्हनून मी फिनेल म्हनले. खरं वाटावं म्हनून.

मावशीनं माझ्याकडं बघितलं. जरा जास्तच बघितलं. "नक्की?"

"नक्की."

नंतर कळलं, त्या बाईनं आदल्या सांजंला आमाला मदत म्हनून आख्ख्या फरशीवर ब्लिचिंग पावडर टाकून ठिवली हुती. सकाळी दोन मग पानी मारलं. फटीत, कोपऱ्यात, मोरीच्या जाळीत सगळी तशीच. ती बाई बिचारी आमचं काम हलकं करत हुती.

मावशीनं पदर वला केला, बांधला, आत गेली, आन वतलं.

मी व्हरांड्यात बादली भरायला नळाला गेल्ते. आवाज रोजच्यावानी न्हाई आला. मोठा आला, एकदम, कढईत पानी पडल्यावानी. मी वळले तर स्वरा खोक्यात न्हाई. तिला फेस लई आवडायचा. ती बाथरूमच्या दारात उभी हुती, उंबऱ्याच्या आत एक पाय, आन तिच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर पिवळट-हिरवं काहीतरी सरकत येत हुतं, धुरावानी पन जड, जमिनीला धरून. मला वास आला न्हाई. आई शप्पत, तवा बी आला न्हाई. पन गळा कुनीतरी मुठीत धरला. मी वरडले का न्हाई ते मला आठवत न्हाई. पाय उचलंनात.

मावशी आतून आली. वाकलेली, तोंडावरचा पदर सुटलेला. तिनं स्वराला दोन्ही हातांनी धरलं, त्याच वल्या हातांनी, दंडाला धरून उचललं आन माझ्याकडं फेकलं. खरंच फेकलं, पोत्यावानी. मी झेलली. आन मावशीनं दार लावलं. आतून. बाहेर आमी दोघी, व्हरांड्यात सामान, ती बाई, आन आत ती. आत नळ सोडल्याचा आवाज, बादली पडल्याचा, मंग काच फुटल्याचा, मगानं खिडकीची काच फोडली तिनं. मंग खोकला. तो तिचा रोजचा खोकला नव्हता.

ड्रायव्हरनं धक्का मारून दार उघडलं, तोंडाला टावेल बांधून, आन तिला वढत बाहेर आनली. बाई रडत हुती, "मैंने तो बस पावडर डाला था, बस पावडर." रिक्षात मी एका मांडीवर स्वराला घितली आन मावशीचं डोकं दुसऱ्या. स्वराचे डोळे लाल, खोकतीय, रडतीय, तिच्या दंडाला मावशीच्या हातांचा लाल चट्टा. मी तिच्या कानात सारखं म्हनत हुते, रड, रड, थांबू नको. मावशी काय रडत नव्हती. तिचा श्वास आसा येत हुता जसा रिकाम्या नळातनं येतो.

साहेब बाराला आला म्हनं. फरशी बघून गेला. डाग एक बी न्हाई.

स्वराला एक दिवस ठिवलं दवाखान्यात. डाक्तर म्हनले, दारातच हुती म्हनून वाचली, छाती साफ हाय, पन लक्ष ठिवा. मी आता बी ठिवते. ती खोकली की हातातलं टाकून पळते, तिच्या पाठीला कान लावते, आन ती म्हनती, "आई, ठसका लागला गं नुसता," आन मला ढकलती. मावशीला लई दिवस ठिवलं. नाकावर नळी, डोळे सुजलेले. जो येईल त्याला ती तुटक तुटक सांगायची, मपली चूक. भाची आली पारनेरकडून, ती त्या बाईला शिव्या घालत हुती, तर मावशी म्हनली, "तिला कशाला बोलती, वली फरशी मला दिसत हुती." आमचे हे आले, तापलेले, दात खात. मावशीनं हात जोडले, ते सोललेले हात, म्हनली, "जावईबापू, मपली चूक. तुमच्या बायकूचा दोष न्हाई. तिनं सांगितलेलं मला, वास येतोय म्हनून. मीच ऐकलं न्हाई."

मी तितंच उभी हुते. भितीला टेकून. मी काय बोलले न्हाई.

घरी येताना हे म्हनले, "तू सांगितलं आन तरी वतलं त्या म्हातारीनं? पोरगी घरात आसतानी?" मी म्हनलं, व्हय. एवढं एकच म्हनलं. व्हय.

दवाखान्यातनं सुट्टी मिळाली, पन मावशी परत काम करायची न्हाई हे सगळ्यांना दिसत हुतं. चार पावलं चालली की भितीला धरून उभी राहायची. भाचीचा नवरा टेम्पो घिऊन आला, तिला गावी न्यायला. सामान काय, एक पत्र्याची पेटी, अंथरून, स्टो. शकीलाआपानं डोळे पुसत पिशवीत बिस्किटाचे पुडे घातले, म्हनली, "जाऊन काय करनार गं तिकडं?" मावशी म्हनली, "शेरडं... राखीन. शेरडांना... बाथरूम नसतं." सगळी हसली, रडता रडता. मी भाकरी बांधून नेल्या हुत्या. दिल्या आन मागं सरले. मला तिच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

"कोमे," ती म्हनली. "हिकडं ये."

मी गेले. टेम्पोच्या फाळक्याला टेकून ती बसलेली. तिनं भाचीला पान्याची बाटली आनायला धाडली. मंग माझ्याकडं बघून म्हनली, "त्या दिशी... तुझा आवाज नाकातनं येत हुता."

मी स्वराला दुसऱ्या कडेवर घितली.

"सकाळीच कळलं मला," ती म्हनली. दोन शब्द बोलायची, थांबायची. "मला वास येत न्हाई. ऐकू येतंय की. तुझं नाक बंद हाय... हे ठाव हुतं मला."

"मंग वतलं का, मावशी?"

ती फाळक्याला धरून श्वास घेत बसली. मंग म्हनली, "साहेब येनार हुता. ट्रक उभा हुता. दुसऱ्या दोन बाया वाट बघत हुत्या. मी म्हनलं... एखाद्या खेपंला वाचतोच की मानूस." आन मंग म्हनली, "तू तुझ्या डोक्यावर घिऊ नको. कुनाला सांगू बी नको. मपलं मी घिऊन चालले."

भाची पानी घिऊन आली. टेम्पो निघाला. स्वरा माझ्या कडेवर हुती, ती हात हलवत हुती, मावशीनं बी एक हात उचलला.

दिवाळीच्या आधी भाचीचा फोन आला. मावशी गेली. सकाळी चहा पिली, उन्हात बसली, आन गेली.

मला एकच विचारायचं राहिलं, आन आता ते कुनाला विचारू. मावशी खरं बोलली का? तिला खरंच कळलं हुतं का माझं नाक बंद हाय? आसं आसंल, तर तिनं जानूनबुजून वतलं, माझी लेक त्या घरात आसताना, घाईसाठी. आन हे खरं आसंल तर चूक दोघींची, मला निम्मीच. का तिला त्या दिवशी काय बी कळलं नव्हतं, आन दवाखान्यात पडल्या पडल्या, माझं तोंड बघून बघून, तिनं हे जुळवलं, माझं वझं उतरावं म्हनून, जसं यांच्यापुढं सांगितलं तसं? भांडी घासताना, पोरीला भरवताना, मी हेच घोळवते. पहिलं खरं धरलं की छाती हलकी व्हती. लगेच व्हती. पन मंग डोळ्यापुढं जी बाई येती ती मावशी नसती, ती कुनीतरी दुसरीच आसती, साहेबाला भिनारी, दुसऱ्याच्या लेकराची पर्वा नसलेली. मी त्या बाईला वळखत न्हाई.

म्हनून मी दुसरं धरलंय. ते जड हाय. आसू दे. काल मी यांना सगळं सांगितलं, बाम, फिनेल, नक्की, सगळं. हे ताटावरून उठून बाहेर जाऊन उभे राहिले. आजून बोलत न्हाईत. मला लई भ्या वाटतंय. पन मावशीबद्दल आता कुनी, सांगून बी वतलं त्या म्हातारीनं, आसं म्हननार न्हाई, आमच्या घरात तरी न्हाई.